ढोलीतली राणी

1987 च्या जानेवारीत, गॅदरिंगला, आमच्या सातवीच्या वर्गाने पाखरांचं नाटक केलं होतं. शाळेच्या महोत्सवाच्या स्मरणिका समितीने फोनवर ‘शाळेने मला काय दिलं’ असा विषय सुचवला. त्यावर बाकीचे लिहितीलच, आणि माझ्यापेक्षा बरं लिहितील. मी नाटकाबद्दल लिहिते, कारण त्याची संहिता आता कुठेच नाही. सरांनी ती एका पाठकोऱ्या वहीत लिहिली होती आणि ती वही पुढे कुठल्याशा पावसाळ्यात भिजून गेली. सरांचं नाव लिहीत नाही. या अंकाच्या दर दुसऱ्या लेखात ते असणारच.

नाटकाचं मूळ आदल्या वर्षीच्या मार्चमध्ये आहे. परीक्षा तोंडावर असताना सर आम्हाला देवळामागच्या देवराईत घेऊन गेले. चपला बाहेर काढायच्या, बोलायचं नाही, बोट दाखवायचं नाही. एका जुन्या झाडाच्या खोडात, बऱ्याच उंचावर, चिखलाने लिंपलेली ढोली होती आणि तिला एक उभी फट. आम्ही दूर झुडपाआड बसलो. कितीतरी वेळ काही घडेना, डास मात्र चावत होते. मग डोक्यावरून वाऱ्याचा भरारा आला आणि काळापांढरा, पिवळ्या चोचीवर मोठं शिरस्त्राण मिरवणारा पक्षी फांदीवर उतरला. गोव्यातल्या आमच्या सत्तरी तालुक्यातल्या मुलांना हा पक्षी काही नवा नव्हता. पण तो धनेश, आणि त्यातलाही मलबारी कवड्या धनेश, हे सरांकडून कळलं. त्याने मान हलवली, गळ्यातून एक फळ वर आणून चोचीच्या टोकावर धरलं आणि फटीत दिलं. आतून एक चोच आली, फळ घेऊन गेली. पुन्हा एक फळ. पुन्हा एक. त्याच्या गळ्यात एवढी फळं मावली कशी, यावरून परतताना आमच्यात भांडण झालं.

आत मादी असते. ती स्वतःच आत शिरून, विष्ठेने आणि चिखलाने दार लिंपून घेते, अंडी घालते आणि त्या काळात तिची उडायची पिसं गळून नवी येतात. म्हणजे काही आठवडे तिला उडताच येत नाही. नर आणील ते खायचं. नराला कुणी मारलं तर एका गोळीत अख्खं घर जातं. हे सगळं सरांनी वाटेत सांगितलं आणि आमच्यातल्या एकीने विचारलं, “मग तिला खायला कोण घालणार?”

नाटक त्या प्रश्नातून निघालं.

गोष्ट अशी. एका गावात एक भाटकार, म्हणजे जमीनदार. त्याला पाखरांची गाणी विकत हवीत. पाखरं विकत नाहीत म्हटल्यावर तो एक जादूची शीळ शिकतो आणि एकेका पाखराचा आवाज बाटलीत भरून बूच लावतो. डोंगर मुका होतो. चातकाचा आवाज गेल्यामुळे पावसाला यायचं कळत नाही, पावशा गप्प झाल्यामुळे शेतकऱ्याला पेरायचं कळत नाही. शेवटी धनेशाचाही आवाज जातो आणि तो पिंजऱ्यात पडतो. ढोलीतली राणी उपाशी. तेव्हा तीन मुलं डोंगर चढतात. त्यांना ढोलीखाली राणीचं गळलेलं पीस सापडतं. ते कानामागे खोचलं की सूर्य मावळेपर्यंत पाखरांची भाषा कळते.

इथे सरांचा एक नियम होता आणि तालमीत आम्ही तो मोडायला बघत होतो. आम्हाला वाटे, पीस फिरवलं की पिंजरा उघडावा, बाटल्या फुटाव्यात, भाटकाराचा बेडूक व्हावा. सर म्हणाले, “पिसाने फक्त कळेल. काम तुम्हालाच करावं लागेल.” दुसरा नियम, पीस गळलेलंच हवं, उपटलेल्या पिसात जादू नसते. त्यामुळे नाटकाचा दुसरा अंक म्हणजे जवळजवळ सगळा मेहनतीचा. मुलं आळीपाळीने उंबरं गोळा करतात, झाडावर चढतात, फटीतून राणीला भरवतात; एक पडतो, एक रुसते, एकाला घरून मार बसतो. हल्ली माझी नात पडद्यावर जे जादूचे पराक्रम बघते त्यात एक काठी हलली की सैन्य झोपतं. बघायला मजा येते, पण त्यात कुणी कुणाचा मित्र व्हायला वेळच उरत नाही असं माझं मत आहे. राणी आणि ती मुलं मित्र झाली ती जादूने नव्हे, रोज उंबरं आणून.

पात्रवाटपही सरांनी पक्षी बघून केलं होतं. शीळकरी कस्तूर रानातल्या ओढ्याकाठी एखाद्या उनाड पोरासारखा शीळ घालतो, म्हणून वर्गात शिट्ट्या मारून छड्या खाणाऱ्यालाच ती भूमिका मिळाली. नवरंग झाली ती मुलगी नऊ रंगांच्या झग्यावरून आईशी भांडून आली होती. सगळ्यांत चांगली भूमिका मात्र बेडूकतोंड्याची. हा निशाचर पक्षी दिवसभर फांदीवर वाळक्या पानांच्या गठ्ठ्यासारखा निश्चल बसतो. जवळ गेलात तरी दिसत नाही. आमचा एक अबोल वर्गमित्र पहिला अंकभर झाडाच्या खोडाला टेकून, अंगावर सुकी पानं शिवलेलं गोणपाट घेऊन बसला. लोकांना ते नेपथ्य वाटलं. दुसऱ्या अंकाच्या मध्यावर ‘खोड’ एकदम बोलायला लागलं तेव्हा पुढच्या रांगेतली एक आजी “आगे माय!” म्हणून उठून उभी राहिली.

आता भाषेचं. शाळा मराठी, घरी सगळ्यांची कोंकणी. त्या हिवाळ्यात बाहेर गोव्याची राजभाषा कोंकणी की मराठी हा वाद टोकाला गेला होता. राजभाषा विधेयक फेब्रुवारी 1987 मध्ये विधानसभेत संमत झालं, म्हणजे आमच्या गॅदरिंगनंतर महिन्याभरात. अशा दिवसांत सरांनी ठरवलं की माणसं मराठी बोलतील आणि पाखरं कोंकणी. काहींना ते रुचलं नाही. पाखरांच्या तोंडी कोंकणी घालून तिला खाली दाखवली असं एकाचं म्हणणं. दुसऱ्याचं म्हणणं, मराठी शाळेच्या मंचावर ती हवीच कशाला. दोन्हीकडून बोलणी खाऊन सरांनी एक ओळही बदलली नाही. खरी गंमत प्रयोगात झाली. मुलं पीस शोधत डोंगर चढताहेत, त्यांना पाखरांचं अक्षर कळत नाही, आणि वरून नवरंग ओरडतो, “तुमी हांगा कित्याक आयल्यात?” (तुम्ही इथे कशाला आलात?) मंचावरची मुलं भांबावलेली आणि समोरचा मांडव खदाखदा हसतोय, कारण त्यांना पिसाशिवायच सगळं कळत होतं. कुणीतरी मागून मुलांना उत्तरही सांगू लागलं.

मी राणी होते. म्हणजे पूर्ण दुसरा अंक मी बांबू, गोणपाट आणि खळीच्या कागदांनी केलेल्या झाडाच्या आत होते आणि बाहेर फक्त पुठ्ठ्याची पिवळी चोच. माझं मुख्य वाक्य, “म्हाका भूक लागल्या,” हे निरनिराळ्या सुरांत म्हणायचं होतं: आधी तोऱ्यात, मग रागाने, मग अगदी क्षीण. उंबरांच्या जागी चिकूचे तुकडे होते. ज्या मुलाला मला भरवायचं होतं त्याने तालमींतले सगळे चिकू स्वतः खाल्ले. प्रयोगाच्या दिवशी मात्र त्याने घाबरून एकामागून एक इतके तुकडे फटीत कोंबले की शेवटचं क्षीण वाक्य मला भरल्या तोंडाने म्हणावं लागलं. लोकांनी त्यालाच टाळ्या दिल्या.

संगीताला घुमट आणि शामेळ ही आमच्याकडची चामड्याची वाद्यं आणली होती. तालमीत शिट्टीवाल्यानेच विचारलं, “सर, नाटक पाखरांच्या मैत्रीचं आणि घुमटाला घोरपडीचं कातडं?” तेव्हा घुमटावर सर्रास तेच असे, आता कायद्यामुळे बकऱ्याचं लावतात. सर काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी घुमट परत गेला. धनेशाच्या पंखांचा भरारा दोन सुपं हवेत हलवून काढला आणि सुतारपक्षी करवंट्यांवर झाला. सुपांचा आवाज इतका हुबेहूब होता की मांडवातले लोक वर बघायचे.

भाटकाराच्या बाटल्या मात्र खऱ्या होत्या, फेणीच्या, कुणाच्या तरी काजूबागेतून आणलेल्या. कितीही धुतल्या तरी वास जाईना. शेवटच्या प्रवेशात एकेक बूच निघतं आणि एकेक गाणं बाहेर येतं, तेव्हा गाण्याआधी वास येत होता. पहिल्या रांगेत प्रमुख पाहुणे म्हणून गावचे खरेखुरे भाटकार बसले होते. आम्ही विंगेतून त्यांच्याच तोंडाकडे बघत होतो. ते सगळ्यांत मोठ्याने हसले आणि बक्षीसही दिलं. पुढे बाजूचं रान विकायचं ते त्यांनी विकलंच, ही गोष्ट वेगळी.

नाटकातल्या भाटकाराला शिक्षा होत नाही. तो रिकाम्या बाटल्या घेऊन बसतो आणि शेजारच्या आंब्यावर कस्तूर फुकट शीळ घालू लागतो. मग पडदा एकदा पडून उठतो: बरीच वर्षं गेलेली, ढोलीखाली रोपांचं रान माजलेलं. धनेश फळं खातात आणि बिया टाकतात, घरट्याखाली अशी रोपं खरोखर उगवतात. ती रोपं म्हणजे बालवाडीची मुलं, हातात फांद्या घेतलेली. त्यातलं एक झोपलं होतं.

1988 मध्ये मांडवी नदीतल्या चोडण बेटावर डॉ. सलीम अली यांच्या नावाचं पक्षी अभयारण्य झालं आणि त्यानंतर सर आम्हा काही जणांना रायबंदरच्या फेरीबोटीतून तिथे घेऊन गेले. खारफुटीतले बगळे, खंड्ये बघितले. शिट्टीवाला तिथेही पाखरांशी कोंकणीत बोलत होता. आमच्या सत्तरीतलं म्हादईचं अभयारण्य व्हायला 1999 उजाडलं; तोवर आम्ही सगळे नोकऱ्यांना लागून वास्को, पणजी, मुंबईत पांगलो होतो. देवराई अजून आहे. कवड्या धनेश अजून येतात, गेल्या मे महिन्यात मी माहेरी असताना वडावर थवा उतरला होता.

समितीने फोनवर आणखी एक सांगितलं: महोत्सवात सध्याची सातवी तेच नाटक पुन्हा करणार आहे, आठवेल तेवढं लिहून पाठवा. वर लिहिलं ते त्यासाठीच आहे. त्यात तीन सूचना जोडते. भाटकाराला बाटल्या सरबताच्या द्या. आणि ढोलीची फट जरा रुंद ठेवा, आतल्या मुलीला श्वास घ्यायचा असतो; चिकू भरवणाऱ्याला प्रयोगाआधी जेवू घाला.