तुम्ही विचारलंत म्हणून: पोटाचे व्यायाम आणि तोल

‘पोटाचे व्यायाम केले तर तोल सुधारतो का?’ हा प्रश्न मला फिजिओथेरपीच्या खोलीत वारंवार विचारला जातो आणि विचारणारे बहुधा साठी उलटलेले, नुकतेच एकदा पाय घसरलेले असतात. सुधारतो, पण नुसत्या पोटाच्या व्यायामाने पुरेसा नाही, असे माझे उत्तर असते.

उभ्याने फडताळावरचा डबा काढायला आपण हात झटकन वर करतो, तेव्हा निरोगी माणसात हात हलण्याच्या किंचित आधीच पोटाचा सर्वांत आतला, कमरपट्ट्यासारखा आडवा स्नायू आवळला जातो. ऑस्ट्रेलियातील संशोधक हॉजेस आणि रिचर्डसन यांनी १९९६ मध्ये दाखवून दिले की, कंबरदुखी असलेल्यांत हाच स्नायू उशिरा जागा होतो. धड असे वेळेवर सावरले गेले नाही, तर पायांवर जास्तीचे काम येऊन पडते.

माझ्याकडे येणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका कोपर व चवड्यांवर शरीर सरळ पेलून धरण्याचा ‘प्लँक’ मिनिटभर सहज करीत (प्लँकचा दबदबा मला नेहमीच जरा अवाजवी वाटत आला आहे), पण सकाळी तोंडाला साबण लावताना त्यांना नळ धरावा लागे. डोळे मिटले की, तोलाची सारी भिस्त कानाच्या आतल्या यंत्रणेवर आणि तळपाय व घोट्यांकडून येणाऱ्या जाणिवेवर पडते. एकोणिसाव्या शतकात रोम्बर्ग या जर्मन डॉक्टरांनी वर्णन केलेली, पाय जुळवून व डोळे मिटून उभे राहण्याची चाचणी याच तत्त्वावर आधारलेली आहे. जमिनीवर टेकून केलेल्या व्यायामात या जाणिवेची फारशी कसोटी लागत नाही.

म्हणून बाईंना मी ओट्याला बोटे टेकवून एका पायावर उभे राहणे, टाचेला चवडा लावत चालणे आणि हात न लावता खुर्चीतून उठणे, असे व्यायाम दिले. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१९ च्या आढाव्यात अशा व्यायामांमुळे वृद्धांचे पडण्याचे प्रमाण सुमारे २४ टक्क्यांनी घटल्याचे नमूद आहे. गरगरत असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवावे. तिथे व्यायामाची घाई करू नये.

तीन महिन्यांनी बाई ओट्याचा आधार सोडून उभ्या राहू लागल्या. तोंड धुताना नळ धरू नका, असे मात्र मी त्यांना अजूनही सांगितलेले नाही.