पेटी सुटायची कशी?

मागच्या आठवड्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलांचा मेसेज आला. 'ताई, आम्ही औषधं पोचवणारा ड्रोन करतोय. पेटी सोडायला कुठला सर्वो घेऊ?' सोबत फोटो: पेटीच्या कडीतून आरपार गेलेली पिन आणि ती ओढायला नऊ ग्रॅमचा निळा सर्वो, म्हणजे सांगितलेल्या कोनात आर्म (छोटा दांडा) फिरवणारी मोटर. या कामात येणारे बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात, म्हणून उत्तर इथे सविस्तर लिहिते.

आधी पिनेकडे बघा. पेटी दोन किलोची आहे आणि सगळा भार पिनेवर आहे. पिन ओढली की ती कडीला घासते, शिवाय दोन्ही बाजूंच्या भोकांनाही घासते. म्हणून घर्षण दोनदा धरायचं. घर्षणांक 0.3 घेतला तर ओढायला साधारण 1.2 किलोचा जोर लागतो. त्या सर्वोची ताकद 1.8 किलो-सेंटीमीटर, म्हणजे एक सेंटीमीटरच्या आर्मवर फार तर 1.8 किलो, आणि तेवढ्यावर तो अडकून थांबतोच. टेबलावर त्यामुळे सगळं झकास चालतं. पण वाऱ्याच्या झोताने ड्रोन उसळला आणि क्षणभर भार दुप्पट झाला, की हवेत 2.4 किलो. सर्वो नुसता गुरगुरत राहतो, पिन जागची हलत नाही. भोकात लाल माती गेली असेल तर वेगळं सांगायलाच नको.

मोठा सर्वो लावणं हा यावरचा उपाय मला पटत नाही. वजन वाढतं, बॅटरी लवकर संपते आणि मूळ दुखणं तसंच राहतं. भार लॅचच्या, म्हणजे कडी धरून ठेवणाऱ्या खिटीच्या, धातूने पेलावा, सर्वोने फक्त अडसर सरकवावा. पॅराशूटवाल्यांची तीन कड्यांची रचना नीट बघा. एका कडीतून दुसरी ओवलेली असते, प्रत्येक टप्प्याला जोर कमी होत जातो आणि माणसाचं वजन पेलणारा पट्टा शेवटी बोटाएवढ्या लूपवर येऊन थांबतो. लिव्हरचा लॅचही हेच करतो. बंद करायला स्प्रिंग ठेवा, म्हणजे वीज गेली तरी तोंड मिटलेलंच राहील. आणि लॅच खरंच बसला की नाही हे सांगणारा छोटा स्विच हवाच. सर्वोला आज्ञा गेली म्हणजे लॅच लागला, असं धरून चालणं मला मान्य नाही. खाली माणसं असतात.

आता पेटी पोचवायची कशी. तीन वाटा आहेत. ड्रोन उतरवणं सगळ्यात सोपं, पण अंगणात फिरते पंखे आले की पोरं आणि कुत्री आधी धावतात. दुसरी वाट पॅराशूटची. झिपलाइन या ड्रोन कंपनीने ऑक्टोबर 2016 मध्ये रवांडात मुहांगाहून रक्ताच्या पिशव्या पाठवायला सुरुवात केली ती अशीच: विमानासारखा ड्रोन न थांबता वरून जातो आणि कागदी पॅराशूट लावलेला खोका सोडून देतो. मला ते काम फार आवडतं. पण त्याला मोकळी जागा लागते. सह्याद्रीतल्या उताराच्या वाडीत, आंब्या-फणसाच्या झाडांत, वाऱ्याने खोका कुठे नेऊन ठेवेल सांगता येत नाही.

म्हणून माझा कौल तिसऱ्या वाटेला: दोरी. विंग या कंपनीचा ड्रोन साधारण 7 मीटरवर थांबून पेटी दोरीने खाली सोडतो. त्यांचा हुक मोटरशिवाय सुटतो. पेटीचं वजन आहे तोवर तो धरून ठेवतो. पेटी जमिनीला टेकून दोरी सैल पडली की आपोआप निघतो. हवेत असताना कडी सुटायला वावच नाही, हे मला त्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं.

दोरीची अडचण झोक्याची. विहिरीतून पोहरा ओढणाऱ्याला ती ठाऊक असते: दोर आखूड होत जातो तसा झोका वाढतो. 7 मीटर दोरीवर एक झोका सव्वापाच सेकंदांचा, एक मीटरवर दोनचा. रिकामा, हलका हुक भराभर वर ओढला तर तो पंख्यांच्या दिशेने जायला वेळ लागत नाही. हुक मुद्दाम जड करावा आणि शेवटचे दोन मीटर सावकाश गुंडाळावेत.

या सगळ्यात पेटीचं खरं वजन विचारायचं लोक विसरतात. डिसेंबर 2021 मध्ये पालघर जिल्ह्यात जव्हारहून झापला ड्रोनने लस गेली. लसीच्या कुप्या हलक्याच असतात, वजन असतं बर्फाचं. आपल्या नेहमीच्या व्हॅक्सिन कॅरियरमध्ये चार आइसपॅक असतात, तेच दीड किलोच्या घरात जातात. शिवाय ते फ्रीजरमधून काढून लगेच भरायचे नसतात. सिस्टर आइसपॅक हलवून बघतात, आत पाण्याचा आवाज आला की मगच भरतात, कारण गोठली तर पेंटाव्हॅलंट आणि हिपॅटायटिस बीची लस वाया जाते. तुमची पेटी याच बाईच्या हातात जाणार आहे. तिला एका हाताने कडी अडकवता आली पाहिजे, आणि बसल्याचा 'खट्ट' आवाज तिला ऐकू आला पाहिजे.

सध्या आम्ही अडलोय ते दोरी अडकण्यावर. फांदीत दोरी गुंतली किंवा कुणी खालून ओढली तर ड्रोनने ती सोडून द्यायला हवी. त्यासाठी दोरीचं टोक ती गुंडाळणाऱ्या ड्रमला गाठ मारून बांधत नाही, शेवटचे वेढे नुसत्या घर्षणावर धरतात. ठरलेल्या ताणापलीकडे सगळी दोरी निघून जाते. मोटरचा ब्रेक मात्र त्याच ताणाला सुटला पाहिजे. तो ताण किती ठेवायचा? वाऱ्याचा हिसका क्षणभराचा असतो, पोराने ओढलेली दोरी ताणलेलीच राहते. हा फरक ताण मोजणाऱ्या लोडसेलवर वेळेत कळतो का, हे भोसरीच्या शेडमागच्या मोकळ्या जागेत बघणार आहोत, पाऊस उघडला की लगेच.