सही न करणारा जॉन डिकिन्सन

भारतातून कोणी आलं की आम्ही त्यांना डेलावेअरमधल्या विल्मिंग्टनहून फिलाडेल्फियाला नेतो, 1776 मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा जिथे मंजूर झाला तो इंडिपेन्डन्स हॉल दाखवतो. तिथे मी जाहीरनामा घडवणाऱ्या जेफरसन-फ्रँकलिनपेक्षा जॉन डिकिन्सनबद्दलच जास्त बोलते. मग प्रश्न ठरलेला: ‘ज्याने स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सहीच केली नाही, त्याचं तुम्हाला एवढं काय कौतुक?’

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. त्याने सही का केली नाही आणि त्यानंतर तो कसा वागला, यातच माझं उत्तर आहे.

डिकिन्सन 1732 मध्ये मेरीलँडमधल्या तंबाखूच्या मळ्यावर जन्मला आणि डेलावेअरमध्ये, डोव्हरजवळ वाढला. लंडनच्या मिडल टेंपलमध्ये कायदा शिकून त्याने फिलाडेल्फियात वकिली थाटली. 1767 मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने अमेरिकेतल्या आपल्या वसाहतींत येणाऱ्या काच, कागद, शिसं, रंग आणि चहावर जकात बसवली, तेव्हा पहिल्यांदा नेमकं बोट ठेवलं ते याने. ‘पेन्सिल्व्हेनियातला एक शेतकरी’ या नावाने त्याने वर्तमानपत्रात एकामागून एक 12 पत्रं लिहिली. मुद्दा साधा होता. साम्राज्याच्या व्यापाराला शिस्त लावायला पार्लमेंटने जकात घ्यावी, पण तिजोरी भरायला घेऊ नये, कारण त्या पार्लमेंटमध्ये आमचा एकही माणूस बसत नाही. रक्कम किरकोळ आहे म्हणून गप्प बसलात तर उद्या मोठीही द्यावी लागेल, असं त्याने बजावलं. वसाहतींतल्या बहुतेक वर्तमानपत्रांनी ती पत्रं छापली, फ्रँकलिनने लंडनमध्ये प्रस्तावना जोडून त्यांचं पुस्तक काढलं. म्हणजे ज्याला पुढे भित्रा ठरवलं गेलं, त्यानेच लोकांच्या हाती भांडणाचं कारण दिलं होतं.

1775 मध्ये इंग्रजांशी लढाईला तोंड फुटल्यावरही इंग्लंडच्या राजाला एक शेवटचा अर्ज करून पाहू, असा आग्रह त्याने धरला आणि तो काँग्रेसकडून, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेकडून, मान्यही करून घेतला. त्याच सभेत स्वातंत्र्याचा आग्रह धरणाऱ्या जॉन अॅडम्सला हे अजिबात पटलं नाही. एका खासगी पत्रात त्याने डिकिन्सनला, नाव न घेता, मोठ्या संपत्तीचा आणि क्षुल्लक बुद्धीचा माणूस म्हटलं. पत्र वाटेत इंग्रजांच्या हाती लागलं आणि त्यांनी ते छापून टाकलं. पुढे सप्टेंबरमध्ये चेस्टनट स्ट्रीटवर दोघं समोरासमोर आले, कोपराला कोपर लागेल इतके जवळून. अॅडम्सने वाकून हॅट काढली. डिकिन्सनने हॅट हलवली नाही, मान हलवली नाही, हातही हलवला नाही, आणि तो तसाच पुढे निघून गेला. हे खुद्द अॅडम्सनेच डायरीत लिहून ठेवलं आहे. त्या रस्त्यावरून चालताना मला दरवेळी हे आठवतं.

मग आला 1 जुलै 1776. स्वातंत्र्याच्या ठरावावर काँग्रेसमध्ये चर्चा होती आणि हवा कुठली आहे हे डिकिन्सनला पुरतं ठाऊक होतं. तरी तो बोलायला उभा राहिला. स्वातंत्र्य नकोच, असं त्याचं म्हणणं नव्हतं. आज नको, एवढंच होतं. फ्रान्स मदतीला येईल की नाही ठाऊक नाही, वसाहतींनी आपसांत करार केलेला नाही, सीमांची भांडणं मिटलेली नाहीत. अशात जाहीरनामा काढणं म्हणजे कागदाच्या होडीतून वादळात शिरणं, असं तो म्हणाला. आजच्या वागण्याने माझ्या उरल्यासुरल्या लोकप्रियतेवर शेवटचा घाव बसेल, हेही त्याने त्याच भाषणात सांगितलं. वसाहतींत इतका नावाजलेला माणूस उरलेलं नाव पणाला लावून तोंडावर नाही म्हणतो, हे मला फार मोठं वाटतं.

त्याहून मोठं मला दुसऱ्या दिवशीचं वाटतं. प्रत्येक वसाहतीला एकच मत होतं आणि ते तिच्या प्रतिनिधींच्या बहुमताने ठरे. पेन्सिल्व्हेनियाचे सात प्रतिनिधी होते. 1 तारखेला त्यांचा कौल 4 विरुद्ध 3 असा ठरावाच्या विरोधात गेला होता. 2 तारखेला डिकिन्सन आणि विरोधातलाच रॉबर्ट मॉरिस मतदानाला आपल्या जागेवर बसलेच नाहीत. कौल 3 विरुद्ध 2 असा फिरला आणि पेन्सिल्व्हेनिया स्वातंत्र्याच्या बाजूने आलं. स्वतःचं मत त्याने बदललं नाही, पण सगळ्यांच्या वाटेत आडवाही आला नाही. विरोध कुठवर ताणायचा आणि कुठे बाजूला व्हायचं, याची ही समज भल्याभल्यांना नसते.

तो घरीही बसला नाही. त्याच महिन्यात कर्नल म्हणून आपली बटालियन घेऊन तो न्यू जर्सीत एलिझाबेथटाउनला इंग्रजांसमोर जाऊन उभा राहिला. ज्या ठरावाला त्याने विरोध केला, त्याच्याच रक्षणासाठी. तो तिकडे असताना इकडे पेन्सिल्व्हेनियाने नवे प्रतिनिधी निवडले आणि त्याला वगळलं. पुढच्या वर्षी डेलावेअरच्या मिलिशियात, म्हणजे नागरिकांच्या सैन्यदलात, तो साधा शिपाई म्हणून भरती झाला. युद्ध निषिद्ध मानणाऱ्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या घरात वाढूनही स्वसंरक्षणासाठी शस्त्र उचलणं त्याला गैर वाटत नव्हतं.

पुढचं थोडक्यात. वसाहतींना एकत्र बांधणाऱ्या पहिल्या कराराचा मसुदा त्याचाच. आधी डेलावेअर आणि मग पेन्सिल्व्हेनिया या दोन राज्यांचा तो प्रमुख झाला. 1787 मध्ये संविधान सभेत लहान राज्यांची बाजू त्याने लावून धरली. आजारपणामुळे त्याला आधी निघावं लागलं, म्हणून संविधानावर त्याच्या नावाची सही डेलावेअरचाच दुसरा प्रतिनिधी जॉर्ज रीडने केली. 1808 मध्ये इथे विल्मिंग्टनमध्ये तो गेला तेव्हा जेफरसनने लिहिलं, याहून आदरणीय माणूस, याहून खरा देशभक्त आपल्याला सोडून जाऊ शकला नसता.

एक प्रश्न मात्र पाहुणे क्वचितच विचारतात, तो विचारायला हवा. त्याच्याकडे गुलाम होते का? होते, आणि घराण्याची श्रीमंती त्यांच्याच कष्टांवर उभी होती. 1777 मध्ये त्याने त्यांना मुक्त करायचा दस्त केला, पण 21 वर्षांच्या सेवेची अट घालून. विनाअट मुक्ती 1786 मध्ये दिली. संविधान सभेत, गुलामांच्या आयातीला संविधानाने मुभा देणं कुठल्याही तत्त्वात बसत नाही, असं तो ठामपणे बोलला. त्या सभेतल्या बऱ्याच जणांनी आयुष्यभर एकालाही सोडलं नाही, हे खरं. तरी ती मधली नऊ वर्षं मला खटकतात. स्वातंत्र्य लगेच नको म्हणताना त्याच्याजवळ कारणं होती, इथे मला एकही कारण पटत नाही.

डोव्हरजवळच्या त्याच्या इस्टेटीवर आता राज्याचं संग्रहालय आहे. 2021 मध्ये तिथे राबलेल्या कृष्णवर्णीयांची दफनभूमी सापडली, आणि तिथे गेलात तर डिकिन्सनइतकंच त्यांच्याबद्दलही ऐकायला मिळतं. विल्मिंग्टनहून गाडीने तासाभराचा रस्ता आहे. फिलाडेल्फिया पाहून झाल्यावर एक दिवस हाताशी असेल तर मला सांगा, मी घेऊन जाते.