पोराले अंगावर पाजू का नको?

गरोदर बाईचा रिपोर्ट 'हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह' (म्हणजे 'कावीळ बी', यकृताला होणारी विषाणूची लागण) आला की तिची आई मला बाजूला घेऊन हेच विचारते, "सिस्टर, पोराले अंगावर पाजू का नको?" तुम्हीही विचारलंत, म्हणून लिहिते.

पाजा. दुधातून हा आजार बाळाला होत नाही. स्तनाला चिरा पडून रक्त येत असेल, तर मात्र आधी दाखवून घ्या.

विषाणू बाळापर्यंत पोचतो तो बहुतेक वेळा बाळंतपणात, आईच्या रक्तातून. क्वचित पोटात असतानाच. मोठ्या माणसाच्या अंगातून तो बहुधा निघून जातो. जन्मताना लागण झालेल्या 10 पैकी 9 बाळांमध्ये मात्र तो कायमचा राहतो आणि पुढे ऐन उमेदीत यकृत खराब करू शकतो. म्हणून जन्मल्यावर 24 तासांच्या आत, होईल तितक्या लवकर, डाव्या मांडीत अर्धा मिली लस. आई पॉझिटिव्ह असेल तर 12 तासांच्या आत दुसऱ्या मांडीत इम्युनोग्लोब्युलिनही, म्हणजे विषाणूशी लढणाऱ्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन. ते आमच्या उपकेंद्रात नसतं, म्हणून बाळंतपण कुठे करायचं हे आधीच ठरवा. आईच्या रक्तात विषाणू फार असेल तर डॉक्टर शेवटच्या तीन महिन्यांत तो कमी करणाऱ्या टेनोफोविरच्या गोळ्या देतात. केवळ यासाठी सिझेरियन लागत नाही.

मला खरी धास्ती असते ती माहेरपणाची. पहिलटकरीण यवतमाळकडून वर्ध्याला माहेरी जाते, पिशवीत साड्या, डिंक, मेथी सगळं असतं आणि रिपोर्ट राहतो सासरी, कपाटात. कधी सासूच म्हणते, "तिकडं कायले दाखवता?" दाखवाच. बाळंतपण करणाऱ्या सिस्टरला कळलं नाही तर ते 12 तास हातचे जातात.

कावीळ उतरवणाऱ्याकडेही नेऊ नका. या बाईचे डोळे बहुतेक वेळा पिवळे नसतातच. तिला बहुधा काही होतही नसतं. तिसऱ्या दिवशी बाळ पिवळं दिसलं तर ते बहुतेक या विषाणूमुळे नसतं, तरी दवाखान्यात दाखवा. तिचं ताट-वाटी वेगळी काढणाऱ्या घरांचा मला फार राग येतो. जेवणातून, एका पेल्यातून हा पसरत नाही.

लसीचे पुढचे डोस दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना. बाळ 9 महिन्यांचं झालं की रक्त तपासायचं, त्याआधी नाही. नवऱ्याचं मात्र आजच तपासून घ्या.