तुम्ही विचारलंत म्हणून: ॲनफिल्ड सोडून बालाला कशाला?

कोल्हापूरला आलो की कुणीतरी हमखास विचारतं, "लिव्हरपूलला राहता, तिथल्या फुटबॉल क्लबचं ॲनफिल्ड मैदान उशाशी आहे, आणि तुम्ही वेल्समधल्या बालासारख्या बारक्या गावांच्या फुटबॉल मॅचा बघत कशाला हिंडता?"

ॲनफिल्डचं तिकीट म्हणजे आधी मेंबरशिप, मग ऑनलाइन रांग, आणि एवढं करून बहुधा हात हलवत परत. बालाला फाटकावर पैसे टेकवले की आत. पण नुसती सोयच बघायची तर घरी टीव्ही होताच की.

नवनवीन मैदानं गाठून मॅचा बघायच्या या नादाला इकडे ग्राउंडहॉपिंग म्हणतात. इंग्लिश लीगची सगळी 92 मैदानं पालथी घातलेल्यांचा '92 क्लब'सुद्धा आहे. काही मंडळी इतकी कर्मठ, की मॅच गोलशून्य सुटली तर ते मैदान वहीत धरतच नाहीत. माझं सोवळं तेवढं कडक नाही.

बाला हे जेमतेम दोन हजार वस्तीचं गाव. तिथली रेल्वे 1965 सालीच बंद झाली, त्यामुळे रेक्सहॅमहून टी-3 बस धरायची. रेक्सहॅमचा क्लब 2021 मध्ये हॉलिवूडच्या दोन नटांनी घेतल्यापासून मॅचच्या दिवशी तिथे अमेरिकन पाहुण्यांची जत्रा असते. रेक्सहॅम, कार्डिफ, स्वान्सी हे वेल्सचे मोठे क्लब खेळतात इंग्लंडच्या लीगमध्ये. वेल्सची स्वतःची देशव्यापी लीग सुरू झाली ती 1992 मध्ये, आणि बालासारखी गावं आहेत त्या लीगमध्ये. बस डी नदीच्या काठाने चढत जाते. गावाला लागूनच लिन तेगिद, वेल्समधलं सगळ्यात मोठं नैसर्गिक तळं. मैदानाचं नावही त्यावरूनच, माएस तेगिद.

मैदान कृत्रिम गवताचं. काळे रबरी दाणे बुटात जातात आणि घरी मोजे झटकेपर्यंत पिच्छा सोडत नाहीत. कठड्याला टेकून उभं राहिलं की थ्रो-इन घेणारा खेळाडू हाताच्या अंतरावर असतो. त्याची धाप ऐकू येते, रेफरीशी चाललेली हुज्जतही ऐकू येते. मी गेलो त्या दिवशी फाटकावर पैसे घेणारे गृहस्थच थोड्या वेळाने 'गोल्डन गोल'ची तिकिटं विकत आले. पहिला गोल कितव्या मिनिटाला होतो त्यावर बक्षीस. माझ्या तिकिटावरचं मिनिट गेल्यावर शेजारच्या आजोबांनी माझ्यापेक्षा जास्त हळहळ व्यक्त केली.

खरी गंमत कानांची. कठड्याजवळचे सगळे शेरे वेल्शमध्ये, कारण हे गाव घरीदारी वेल्श बोलणारं. आणि मैदानातून येणाऱ्या शिव्या अस्सल लिव्हरपुली! या क्लबचे बरेच खेळाडू नोकरीधंदा सांभाळून त्या बाजूनेच खेळायला येतात. म्हणजे लिव्हरपूलची पोरं बघायला मी लिव्हरपूलहून बस बदलत बालाला गेलो होतो. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील-खंडोबा या तालमींच्या संघांच्या मॅचा बघत वाढलेल्या माणसाला आधी हे पटत नाही. आपल्या डोक्यात तालीम म्हणजे पेठेतली पोरं. (आता आपल्याकडेही बाहेरचे खेळाडू येतात, ते सोडा.) बालात मात्र बाहेरच्या पोरांना नावाने हाका मारत, खडसावत, चहा पाजत गावाने आपलंसं केलेलं दिसतं. मला हे मोठ्या स्टेडियममधल्या पन्नास हजारांच्या गजरापेक्षा जास्त बघण्यासारखं वाटतं.

आणि हे लोक नुसते हौशी समजू नका. 2017 मध्ये त्यांनी फायनलमध्ये बलाढ्य टीएनएसला (द न्यू सेंट्स) 2-1 हरवून वेल्श कप नेला. 2013 मध्ये युरोपभरच्या क्लबांच्या युरोपा लीग स्पर्धेच्या पात्रता फेरीत एस्टोनियातल्या टालिनच्या लेवादिया क्लबला 1-0 हरवलं, तेही 'घरच्या' मैदानावर. हे घर म्हणजे समुद्रकाठच्या रिल गावातलं दुसऱ्याचं मैदान! परतीच्या मॅचमध्ये 3-1 ने मार खाल्ला. 2020 मध्ये मात्र माल्टात जाऊन तिथल्या वॅलेटा क्लबला हरवून पुढची फेरी गाठली. त्या फेरीत बेल्जियमच्या स्टँडर्ड लिएजने 2-0 ने घरची वाट दाखवली. युरोपातल्या एखाद्या फेरीचे पैसे आले की अशा क्लबचा वर्षाचा हिशेब बदलून जातो, म्हणून हंगामाच्या शेवटी युरोपातल्या स्पर्धेच्या एका जागेसाठी जीव खाऊन प्ले-ऑफ खेळतात.

चहाच्या खिडकीपाशी आजोबांनी मी कुठला ते विचारलं. कोल्हापुरात फायनलला किती पब्लिक जमतं ते सांगितल्यावर त्यांना मी थापा मारतोय असंच वाटलं. फोनमधला फोटो दाखवावा लागला. मग त्यांनी आणखी दोघांना बोलावून तो दाखवला.

यायचं असेल तर जरूर या, जाऊ बरोबर. परतीच्या बसची वेळ मात्र आधी बघून ठेवायची, आणि लोकरीची टोपी हवीच. माझा पुढचा बेत ब्लायनाई फेस्टिनिओगचा आहे, स्लेटच्या खाणींच्या गावाचा. तिथे पाऊस पाचवीलाच पुजलेला. त्यामुळे मॅच होणार की नाही याची खात्री करूनच घर सोडायचं.