२९९ मिनिटांचा हिशेब

बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला दुसऱ्या शाखेचा एक विषय घ्यावाच लागतो. मला हव्या असलेल्या विषयाच्या जागा भरल्या होत्या. जे उरले होते त्यातला ‘समकालीन लिंगभाव प्रश्न’ माझ्या वेळापत्रकात बसला, म्हणून घेतला. हॉस्टेलवरच्या सीनियर मुली म्हणाल्या, सोपा आहे गं, आदल्या रात्री वाचून होतो. होत नाही, हे आधीच सांगते.

सुरुवातीचे तास व्याख्या उतरवण्यात गेले. पितृसत्ता, श्रमविभागणी वगैरे. खरा विषय सुरू झाला तो पहिल्या प्रकल्पाला. घरातल्या एका बाईची आणि एका पुरुषाची अख्ख्या दिवसाची नोंद करायची. पहाटे चारपासून दुसऱ्या दिवशी पहाटे चारपर्यंत, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या चौकटी. देशात २०१९ साली कालवापर सर्वेक्षण झालं, त्याची पद्धत हीच होती.

आई गावी, बीडच्या गेवराई तालुक्यात, मी पुण्यात. फोनवर विचारत बसले.

“साडेपाच ते सहा काय केलंस?”

“काही नाही, चहा ठेवला.”

खोदून विचारलं तेव्हा त्या ‘काही नाही’मधून नळाचं पाणी भरणं निघालं, गोठ्यातलं शेण निघालं, आजीच्या गुडघ्याला तेल लावणं निघालं. एका चौकटीत किती कामं लिहायची? मॅडम म्हणाल्या, जेवढी असतील तेवढी. दादाचा तक्ता त्यानेच भरून व्हॉट्सअॅपवर पाठवला. सुटसुटीत, एका चौकटीत एक काम. संध्याकाळच्या चौकटीत ‘पारावर’.

मग वर्गात सर्वेक्षणाचे आकडे आले. बिनपगारी घरकामाला बाई दिवसाला २९९ मिनिटं देते, पुरुष ९७. मागच्या बाकावरून लगेच आवाज आला, “बघा, आम्हीपण दीड तास करतो!” इथे माझं कॉमर्स कामी आलं. ही सरासरी फक्त घरकाम करणाऱ्यांची आहे. बायकांमध्ये असं काम करणाऱ्या ८१.२ टक्के, पुरुषांमध्ये २६.१ टक्के. न करणारेही भागाकारात घेतले की पुरुषाची मिनिटं येतात २५ आणि बाईची २४३. फळ्यावर जाऊन मांडून दाखवलं. सरासरी कोणाची काढलीय हे विचारल्याशिवाय आकडा मानायचा नाही, हे आम्हाला सांख्यिकीच्या तासाला घोकून घेतलं होतं. त्याचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

तिथून मी प्रत्येक धड्यात ‘मोजलं कोणाला?’ एवढंच शोधायला लागले. ऊसतोडीचा धडा तर आमच्याच भागातला. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, कोयत्यावर मिळते, मुकादमाशी बोलणी नवरा करतो, आणि बाईची वेगळी मजुरी कुठल्या वहीत दिसत नाही. लहानपणापासून दिवाळीनंतर गाड्या जाताना पाहिल्यात, पण हा हिशेब कधी डोक्यात आला नव्हता. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या २०१९ साली गाजल्या, त्याही याच धड्यात वाचल्या. पाळीमुळे खाडा नको हे एक कारण त्यात पुन्हा पुन्हा येतं. त्या दिवशी जेवण गेलं नाही.

तृतीयपंथीयांच्या धड्यावर मुलं आधी खिदळली. जनगणनेच्या तक्त्यात ‘इतर’ हा रकाना २०११ साली पहिल्यांदा आला आणि त्यात ४,८७,८०३ माणसं सापडली. त्यांना स्वतःची ओळख स्वतः ठरवण्याचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं ते २०१४ मध्ये.

सगळ्यात जड गेलं मथुरा प्रकरण. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ साली मथुरा नावाच्या एका आदिवासी मुलीवर पोलिसांकडून बलात्कार झाला. मुंबई उच्च न्यायालयाने शिक्षा दिली; सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडलं. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे विरोध नव्हता, असा तो तर्क. चार प्राध्यापकांनी १९७९ मध्ये न्यायालयाला खुलं पत्र लिहिलं, मोर्चे निघाले, १९८३ मध्ये कायदा बदलला. मॅडमनी सारांश न देता निकालपत्रच वाचायला लावलं. इंग्रजी किचकट आहे, पण हा विषय घेणाऱ्याने निकालपत्रं स्वतः वाचावीत. गाइडमध्ये दोन ओळींत उरकलेलं असतं आणि तोंडी परीक्षेत नेमकं ‘का सोडलं?’ हेच विचारतात. मलाही तेच विचारलं.

गुण बरे पडले. पुढच्या सत्रात याच विषयाचा दुसरा भाग आहे, तोही घेतलाय. प्रकल्पासाठी हक्कसोडपत्र निवडलंय. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, केंद्राने २००५ मध्ये. तरी बहिणी सही करून मोकळ्या होतात, त्या का, हे गावातल्या बायकांनाच विचारायचंय. सुरुवात आत्यापासून करणार आहे. दादाला सांगितलं, तर म्हणाला, “दुसरा कुठला विषय नव्हता का?”