तुम्ही विचारलंत म्हणून: मी दुसऱ्यांदा बाप्तिस्मा का घेतला नाही

विश्वास आहे, प्रार्थना आहे, मग खरा बाप्तिस्मा घ्यायला अडचण कसली, असे मला विचारले जाते. विचारणाऱ्यांच्या मते तान्हेपणी माझ्या कपाळावर पडलेले पाणी ही आईवडिलांची हौस होती. बाप्तिस्मा म्हणजे कळत्या वयात, पश्चात्ताप करून, पूर्ण बुडवून घेतलेला तेवढाच. सासरचे सगळे याच मताचे असल्यामुळे जेवायला बसल्यावरही हा प्रश्न मला चुकलेला नाही. एकदाच सविस्तर उत्तर देते.

किती पाणी लागते, या वादात मला रस नाही. वाहत्या पाण्यात द्यावा, ते नसल्यास दुसऱ्या पाण्यात, आणि तेही पुरेसे नसल्यास डोक्यावर तीनदा ओतावे, असे आरंभीच्या ख्रिस्ती मंडळीची शिस्त सांगणाऱ्या ‘दिदाखे’त आहे. ख्रिस्ताबरोबर पुरले जाणे आणि त्याच्याबरोबर नव्या जीवनात उठणे, हे पौलाने रोमकरांस लिहिलेले चित्र बुडवून दिलेल्या बाप्तिस्म्यात जितके लख्ख दिसते तितके ओंजळभर पाण्यात दिसत नाही, हे मला मान्यच आहे.

माझा मुद्दा, आधी कोण पुढे येतो, हा आहे. बाप्तिस्मा ही मी देवाला दिलेली ग्वाही असेल तर मला बोलता येईपर्यंत थांबलेच पाहिजे. तो देवाने मला ‘तू माझी’ म्हणणे असेल तर माझे वय गौण ठरते. बायबलमधल्या फिलिप्पैच्या तुरुंगाधिकाऱ्याचा घरातल्या सर्वांसह रात्रीच बाप्तिस्मा झाला, हा माझा आवडता दाखला. त्या घरात तान्हे मूल होते असे कुठे लिहिले आहे, हा सासऱ्यांचा ठरलेला प्रतिप्रश्न, आणि तसे कुठेही लिहिलेले नाही. तर्तुल्यानसारखा जुना लेखकही मुलांच्या बाप्तिस्म्याची घाई करू नये असेच सांगून गेला आहे. म्हणजे पुराव्यांच्या बळावर मी हा वाद जिंकू शकत नाही, आणि मी पाण्यात न उतरण्याचे कारणही पुरावे नव्हते.

लग्नानंतर मी तयार झाले होते, हे विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांना ठाऊक नसते. बाप्तिस्म्याच्या वर्गाला मी नेमाने बसले, साक्ष लिहून काढली, पांढरा पोशाख शिवून घेतला. आदल्या संध्याकाळी सहीसाठी एक फॉर्म हातात आला. नाव, जन्मतारीख, तारणाचा अनुभव असे रकाने भरत मी खाली आले, तर सहीच्या जागेच्या बरोबर वर एक छापील ओळ होती: ‘यापूर्वी माझ्यावर झालेला विधी हा बाप्तिस्मा नव्हता, असे मी मान्य करते.’

माझा जन्म दिवस भरण्याआधीचा. मी वाचेन असे डॉक्टरांना वाटत नव्हते आणि पाळक यायला अवकाश होता, म्हणून आईच्या विनवणीवरून वॉर्डातल्या एका नर्सने काचेच्या पेटीत हात घालून, कापसाच्या बोळ्याने माझ्या कपाळावर तीनदा पाणी पिळले आणि पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने मला बाप्तिस्मा दिला. आईला अजून उठून बसता येत नव्हते. तिने ते आडवे पडूनच पाहिले. पुढे मी जगले, देवळात नेली गेले, तेव्हा पाळकांनी काय घडले ते नीट विचारून घेतले, उपकारस्तुतीची प्रार्थना केली आणि रजिस्टरात नोंद केली. पाणी पुन्हा घातले नाही. जे झाले आहे ते परत करायचे नसते, एवढेच ते आईला म्हणाले.

तो फॉर्म हातात धरून मी आईला फोन केला आणि ती ओळ वाचून दाखवली. ती चिडली नाही. “मग त्या दिवशी काय झालं होतं गं?” असे तिने विचारले, आणि तो टोमणा नव्हता, तिला खरोखरच उत्तर हवे होते. मी सही केली नाही.

वर्गात सर्वांत पुढे बसणारी ती मी अजून माझ्याशी भांडते. आईचे मन राखण्यासाठी तू आज्ञा मोडलीस, असे ती म्हणते. मी तिला निकाया-कॉन्स्टंटिनोपलचा 381 सालचा मतांगीकार, म्हणजे विश्वासाची ठरलेली कबुली, ऐकवते, ज्यात पापांच्या क्षमेसाठी एकच बाप्तिस्मा म्हटले आहे. त्यावर ती विचारते, त्या एकात तुझा होकार कुठे होता? दृढीकरणाच्या वेळी, म्हणजे बालपणी बाप्तिस्मा झालेले पुढे स्वतः विश्वास कबूल करतात त्या विधीत, तो मी दिला, हे खरे, पण तेव्हा सोबतची सगळीच मुले देत होती. तिने स्वित्झर्लंडमधल्या झुरिकचे नाव काढले की मी गप्प होते. 1525 साली तिथे विश्वासूंनी एकमेकांना पुन्हा बाप्तिस्मा दिला आणि 1527च्या जानेवारीत त्यांच्यातल्या फेलिक्स मान्झला नगरसभेने लिम्मात नदीत बुडवून मारले. तान्ह्यांच्या बाप्तिस्म्याचा कैवार घेणाऱ्यांनी पाण्याचा असाही उपयोग केला आहे, आणि मी त्यांच्याच बाजूने बोलते.

यानंतरचा प्रश्न माझ्या मुलीविषयी असतो, आणि तो रास्त आहे. तिचा बालबाप्तिस्मा आम्ही केला नाही. नवऱ्याच्या मंडळीत तिचे समर्पण झाले, म्हणजे पाण्याविना फक्त प्रार्थनेने तिला देवाच्या हाती सोपवले, आणि मी त्याला संमती दिली, कारण ती ठणठणीत जन्मली होती आणि थांबण्याची चैन आम्हाला परवडत होती. ती काचेच्या पेटीत असती तर मी कोणाचे मत न विचारता पाणी मागवले असते. यात सुसंगती नाही, असे तुम्ही म्हणणार असाल तर म्हणा.

मुलगी आता त्याच वर्गाला बसते. तिच्या फॉर्मवर ती ओळ खोडावी लागणार आहे, कारण तिच्यावर यापूर्वी कोणताच विधी झालेला नाही. तिच्या बाप्तिस्म्याला मी टाकीशेजारी टॉवेल घेऊन उभी राहणार आहे, हे आमचे ठरले आहे. त्यानंतर लगेच प्रभुभोजन, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीत भाकर व द्राक्षरस वाटून घेण्याचा विधी, असतो. त्या मंडळीच्या नियमाप्रमाणे त्या दिवसापासून भाकर तिला मिळेल आणि ताट माझ्यासमोरून पुढे जाईल. तिला हे ठाऊक आहे. त्याबद्दल काय करायचे, हे आम्ही अजून बोललेलो नाही.